पाखाडी आणि फाटक

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता आमच्या वसाहतीच्या मागच्या बाजूला लोखंडी फाटक बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खारवीवाड्यातली एक मावशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फाटकापुढे उभी होती. फाटकाला कुलूप. ती ओरडली नाही, कडी वाजवली नाही. पाटी खाली ठेवली तर परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं, म्हणून एका हाताने पाटी धरून ती तशीच थांबली होती. मी किल्ली घेऊन गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "वाट कुणी बंद करतं काय रे बाबा?" आणि पुढे गेली.

फाटक बसवण्याच्या ठरावावर माझीही सही होती. सही केली तेव्हा कारणंही खरी होती. रात्री अकरानंतर त्या वाटेने मोटारसायकली येत, कठड्यावर बाटल्या फुटत. मुंबईला राहणाऱ्या एका कुटुंबाच्या बंद बंगल्यातून पाण्याचा पंप गेला. वाटेला लागून असलेल्या घरातल्या वहिनींनी स्वयंपाकघराची खिडकी उघडणंच सोडून दिलं होतं. ही भीती कुणी मनाने रचलेली नव्हती. आणि मावशीचा प्रश्नही खोटा नव्हता. रत्नागिरीच्या कडेकडेने आज नाचणे, शिरगाव, कुवारबाव, खेडशी अशी जिकडे तिकडे प्लॉटिंग होत आहे आणि ही दोन खरी माणसं ठिकठिकाणी एकमेकांसमोर उभी राहत आहेत. तेव्हा हा प्रश्न मुळापासून पाहायला हवा.

रत्नागिरीची जमीनच अशी, की वाटेशिवाय इथे जगणं नव्हतं. वर जांभ्याचा उघडा सडा, मधे घाटी, खाली नारळी-पोफळीचं आगर, त्यापुढे पुळण आणि समुद्र. गुरं वर चरायची, भात खाली पिकायचं, देऊळ एका वाडीत तर पाणवठा दुसऱ्या. शाळेची, बाजाराची, तरीवर जाण्याची, स्मशानाची, सगळी ये-जा कुणाच्या ना कुणाच्या जमिनीतूनच होई. या सगळ्यांना जोडणारी चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. ती कुणी एकट्याने बांधली नाही. ज्याच्या कलमांतून ती गेली त्याने जागा सोडली, बाकीच्यांनी चिरे वाहिले, आणि दरवर्षी शिमग्याआधी वाडीने मिळून ती साफ केली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते ती याच वाटांनी. रत्नागिरी शहरात श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा रस्ता कुणाच्या मालकीचा हे कुणी विचारत नाही. पालखीला फाटक लावणारा माणूस कोकणात अजून जन्मायचा आहे.

मग नळ आले, गॅस आला, दारात रिक्षा आली. पाणवठ्याची पाखाडी प्रथम सुटली, मग लाकडाफाट्याची. दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही की घाणेरी आणि रानमोडी वाट गिळून टाकतात, गडग्याचे चिरे ढासळतात आणि पाखाडीची नुसती घळ उरते. मुंबई-पुण्याहून जमीन पाहायला आलेल्या माणसाला तिथे वाट दिसतच नाही. त्याला स्वच्छ सात-बारा दाखवतात, जेसीबीने एका दिवसात सपाट केलेलं रान दाखवतात, आणि समुद्र पाच मिनिटांवर असल्याचं सांगतात. ती पाच मिनिटं ज्या वाटेने चालायची तीच त्या सपाटीत बुजलेली असते. पुढे दिवाळीत कुणी जुना माणूस वाट शोधत आला की प्लॉटवाल्याला तो घुसखोर वाटतो, आणि त्याला प्लॉटवाला चोर वाटतो. माझ्या मते दोघेही फसलेले आहेत. फसवणूक जेसीबी फिरला त्या दिवशीच झाली.

कायद्याच्या नजरेने सगळ्या वाटा सारख्या नसतात, आणि हे न कळल्यामुळे वसाहतींच्या बैठकांत निम्मी भांडणं फुकट होतात. गावाच्या जुन्या नकाशावर तुटक दुबार रेघेने गाडीमार्ग दाखवलेले असतात आणि तुटक एकेरी रेघेने पायमार्ग. या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे दुसऱ्या कुणाच्या मालकीच्या नसलेल्या सार्वजनिक वाटा, गल्ल्या आणि रस्ते सरकारचे असतात. अशी वाट प्लॉटांच्या मधून गेली असेल तर ती विकणाऱ्याची कधीच नव्हती, आणि वसाहतीला ती बंद करण्याचा अधिकार नाही. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. नकाशाची नक्कल काढावी आणि मोजणी करून घ्यावी.

दुसरी वाट वहिवाटीची. ती नकाशावर नसते, खाजगी सर्व्हे नंबरातून जाते, पण माणसं वर्षानुवर्षं तिथून चालत आलेली असतात. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि अखंड वापर झाला तर तिथे चालण्याचा हक्क तयार होतो. त्याच कायद्यात उलट बाजूही आहे. सलग वीस वर्षं वापर झाला नाही तर हा हक्क संपतो. वीस वर्षांत जे मिळतं ते वीस वर्षांत जातंही. नळ आल्यावर सोडलेल्या पाखाड्या हळूहळू त्याच टोकाकडे सरकत आहेत.

तिसरी वाट नुसत्या परवानगीची. कोकणात ही सर्वांत जास्त, आणि तिच्यातच खरी गुंतागुंत आहे. "जाऊ का हो काका इकडून?" असं विचारून जाणं ही आपली रीत. पण जो विचारून गेला तो हक्काने गेला नाही, असं कायदा म्हणतो. म्हणजे सभ्यपणे विचारणाऱ्याचा हक्क तयार होत नाही, न विचारता जाणाऱ्याचा होऊ शकतो. मालकही हे ऐकून असतो. म्हणून मनाने चांगला असलेला बागायतदारही आज आडवी काठी टाकतो: आज वाट दिली तर उद्या वहिवाट पडेल. ही भीती मी कितीतरी घरांत ऐकली आहे. तिच्यावरचा उपाय त्याच कायद्यात कलम 52 मध्ये आहे. लेखी परवानगी द्यावी, ती परवानगी आहे असं कागदावर लिहावं, वाटेवर तशी पाटी लावावी. परवानगीने कितीही वर्षं कुणी चाललं तरी त्यातून मालकी हलत नाही. एवढी एक गोष्ट गावोगाव सांगितली गेली तर निम्म्या काठ्या आपोआप निघतील असं मला वाटतं.

वाट अडली तर दाद कुठे मागायची? शेताकडे जाण्याची असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 प्रमाणे तहसीलदाराकडे अडथळा काढण्यासाठी जाता येतं. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. महसूल संहितेच्या कलम 143 प्रमाणे दुसऱ्याच्या बांधावरून रस्ताही मागता येतो, पण तोही शेतकऱ्याला, शेतासाठी. शेतरस्त्यांची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत घेण्याचं धोरण महसूल विभागाने 2025 मध्ये आणलं. ते चांगलंच आहे, पण ते शेतापर्यंत ट्रॅक्टर पोचावा यासाठी. जमीन एकदा बिनशेती झाली, तिच्यावर बंगले उभे राहिले आणि वाटेने जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर मासळीची पाटी असली, की या सगळ्या तरतुदी तिच्या शेजारून निघून जातात. तिच्यासाठी उरतो दिवाणी दावा. तो ती कधीच लावणार नाही.

महसूल संहितेच्या कलम 165 मध्ये एक विसरलेली नोंद आहे: वाजिब-उल-अर्ज. प्रत्येक गावात पाण्याच्या, वाटेच्या आणि इतर सुविधांच्या, तसंच मासेमारीच्या काय रूढी आहेत ते कलेक्टरने लिहून ठेवावं, असं हे कलम सांगतं. कोकणातल्या गावाला याहून उपयोगी कागद दुसरा नाही. पाखाडी कुठून निघते, कुणाच्या आगरातून जाते, पालखी कुठे थांबते, रापण ओढणारे कोणत्या वाटेने पुळणीवर उतरतात, हे सगळं त्यात बसतं. जे म्हातारे हे तोंडपाठ सांगू शकतात ते अजून आहेत. फार काळ नसतील.

वाट कागदावर असली की काय होतं, ते पाहायला गोव्यात जावं लागतं. पणजीजवळ ताळगावच्या हद्दीत वायंगिणी किनाऱ्यावर सिदाद द गोवा हे हॉटेल आहे. हॉटेलसाठी जमीन संपादन झाली तेव्हा 1983 च्या करारात किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट मोकळी ठेवण्याची अट घातली होती. पुढे तिथेच हॉटेलचं वाढीव बांधकाम झालं आणि गावकरी कोर्टात गेले. जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. नैसर्गिक ठेवा सरकारकडे लोकांचा विश्वस्त म्हणून असतो, हे तत्त्व त्या निकालात ठळकपणे मांडलं गेलं. मला मात्र तत्त्वाइतकीच ती करारातली एक ओळ मोलाची वाटते. ती ओळ नसती तर गावकऱ्यांच्या हाती नुसत्या आठवणी असत्या. नंतर त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम पाडण्यापासून वाचवलं. निकाल लागल्यावरही वाटेची राखण करावी लागते, हे गोव्याने दाखवलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

किनाऱ्याच्या बाबतीत 2011 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत एक नेमकी तरतूद होती: दोन हॉटेलं किंवा रिसॉर्ट यांच्या मधे लोकांना पुळणीवर जायला किमान वीस मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. हॉटेलांसाठी हा नियम करायचं सुचलं, बंगल्यांच्या वसाहतीसाठी सुचलं नाही. भाट्ये, मिऱ्या, आरे-वारे, काळबादेवी या पट्ट्यात उद्या हॉटेलांहून बंगलेच जास्त असतील.

जगात इतरत्र हे भांडण फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे कामगार किंडर स्काउट या खाजगी डोंगरावर बंदी मोडून चढले, काहींना तुरुंगवास झाला. 1949 च्या कायद्याने तिथल्या परगण्यांवर सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी आली. नकाशावर जी वाट आहे ती वाट आहे, मग मालक कितीही मोठा असो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये विनोद खोसला या भारतीय वंशाच्या उद्योजकांनी मार्टिन्स बीचलगतची जमीन 2008 मध्ये घेतली आणि नंतर किनाऱ्याकडे जाणारा रस्ता बंद केला. तो वाद वर्षानुवर्षं चालला, 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला. या दोन्हींपेक्षा मला स्कॉटलंडचा 2003 चा कायदा आपल्या कामाचा वाटतो. त्याने लोकांना बहुतेक सगळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क दिला, पण घराभोवती राहणाऱ्याच्या खाजगीपणाला पुरेल एवढी जागा त्या हक्कातून बाहेर काढली. चालणाऱ्याचा हक्क आणि खिडकीमागच्या माणसाचा निवांतपणा, दोन्ही एकाच कायद्यात लिहिले गेले.

हे वाचताना मला आमची बुजलेली पाखाडी आठवली, आणि एका रविवारी मी घाणेरी तोडत तिच्यात उतरलो.

आत शिरलं की कळतं, ही वाट कुणीतरी विचार करून बांधली आहे. ती दोन्हीकडच्या अंगणांपेक्षा हातभर खाली आहे. बाजूंना जांभ्याचे गडगे, आतून माझ्या खांद्यापर्यंत येणारे. म्हणजे वाटेने चालणाऱ्याची नजर सहज परसात जात नाही आणि परसातल्या बाईला फक्त जाणाऱ्याचं डोकं दिसतं, कोण आहे ते ओळखण्यापुरतं. पायऱ्या ओबडधोबड आणि लांब-रुंद, पाटीवाल्या बाईला एका पावलात एक अशा. त्यांच्यावरून बैलगाडी जाऊ शकत नव्हती आणि आज मोटारसायकलही जाणार नाही. एका कडेने पाण्याचा चर खणून काढलेला, त्यामुळे आषाढातलं पाणी वाट सोडून वाहतं. आगरात शिरण्याच्या जागी दोन दगडी खांब आणि त्यांना आरपार भोकं. ती बेड्याची. आडवे बांबू सरकवले की गुरं अडतात. माणूस एक बांबू सरकवून आत जातो आणि मागे परत लावतो.

बंद बंगल्याची भीती, खिडकीचा संकोच, मोटारसायकलींचा त्रास, पाण्याने वाहून जाणारं आवार: आमच्या बैठकीत निघालेल्या बहुतेक तक्रारींचं उत्तर त्या घळीत चिऱ्यात बांधून ठेवलेलं होतं. आपण पाखाडी सोडून शेजारी सपाट, रुंद, दिव्यांचा खडीचा रस्ता केला, त्यावर गाड्या आल्या, म्हणून फाटक लावलं आणि फाटकाने पायी चालणारे अडले. पाखाडी हीच गाव आणि घर यांच्यातली जुनी तडजोड होती. माझं म्हणणं एवढंच आहे, की वसाहतीतून वाट जाणार असेल तर ती रस्ता म्हणून नको, पाखाडी म्हणून जाऊ द्या.

यावर एक आक्षेप खरा आहे. पायऱ्या गुडघे दुखणाऱ्याला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला अडवतात. जिथे उतार बेताचा आहे तिथे पायऱ्यांऐवजी अरुंद वळणदार उतरण आणि तोंडाशी बेड्यासारखा अडसर चालेल. जिथे घाटीच आहे तिथे दुसरा मार्ग नाही, आणि तिथे पूर्वीही नव्हता.

चोरीच्या भीतीबद्दल थोडं सांगायला हवं. बंद घरांच्या वसाहतीत चोर येतो तो वाट आहे म्हणून कमी, कुणी पाहणारं नाही म्हणून जास्त. सकाळ-संध्याकाळ माणसं जाणारी वाट ही फुकटची राखण असते. आमच्याकडचा पंप गेला तेव्हा ती बातमी पहिल्यांदा आम्हाला दिली ती खालच्या वाडीतल्या मुलानेच, शाळेत जाताना. हे सगळ्यांना पटत नाही, हे मला ठाऊक आहे. रात्रीची गोष्ट मात्र वेगळी. रात्री दहा ते पहाटे पाच वाट बंद ठेवायला माझी हरकत नाही, मासळीला लवकर निघणाऱ्यांची वेळ सोडून. मुंबईत मलबार हिलवर मार्च 2025 मध्ये 485 मीटरचा झाडांमधला उन्नत मार्ग सुरू झाला. तिथे वेळा ठरवल्या आहेत आणि एका वेळी किती माणसं आत असावीत तेही ठरवलं आहे. तो मार्ग पाहायला येणाऱ्यांचा, पाखाडी जगणाऱ्यांची, म्हणून तिकीट आपल्याला लावता येणार नाही. वेळेची कल्पना मात्र घेता येईल.

पाहायला येणाऱ्यांचा प्रश्न रत्नागिरीतही येतो आहे. सड्यांवरची कातळशिल्पं जगाच्या नजरेत आली आणि उक्षी, जांभरुण, कशेळी, देवी हसोळ, बारसू ही नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. या सड्यांपैकी बरेच खाजगी, सामाईक मालकीचे. उक्षीत गावकऱ्यांनी आपण होऊन हत्तीच्या चित्राभोवती संरक्षक गडगा आणि वरून पाहण्यासाठी कट्टा बांधला. वाट दिली आणि चित्रावर पाय पडणार नाही याचीही सोय केली. गणपतीपुळ्याला डोंगरच देव मानून त्याला प्रदक्षिणा घालतात. ती वाट किती माणसं चालतात आणि किती वर्षं, तरी तिच्यावरून गावात वैर झाल्याचं मी ऐकलं नाही. आपल्याला जमतं, हे या दोन जागा सांगतात.

सगळ्यात महत्त्वाचा क्षण लेआउट मंजुरीचा. त्यानंतर जे होतं ते ठिगळ. मंजुरीपूर्वी भूमी अभिलेखाच्या मोजणी नकाशावर जुना गावनकाशा ठेवून पाहावा आणि पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्य, दोन-चार जुनी माणसं यांना बरोबर घेऊन जागेवर एकदा चालावं. अर्धा दिवस लागतो. जी वाट सापडेल ती लेआउटवर आखावी. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. वाट त्या जागेच्या कडेने वळवली तर कुणाच्या खिडकीखालून जात नाही. 2016 च्या रेरा कायद्यात नोंदणी करताना विकासकाला जमिनीवरचे बोजे आणि इतरांचे हक्क प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागतात. वहिवाटीची वाट तिथे यायला हवी आणि खरेदीखतातही. मी घेतलेल्या प्लॉटच्या कागदात ती असती तर मी तरीही प्लॉट घेतला असता. फक्त बंगल्याचं तोंड दुसरीकडे केलं असतं.

आमच्या वसाहतीत फाटक अजून आहे, पण त्याच्या शेजारी मागच्या मे महिन्यात पाखाडीचं तोंड मोकळं केलं. सात पायऱ्या नव्या चिऱ्यांच्या, बाकी जुन्याच. गवंडी खालच्या वाडीतला, चिरे वसाहतीच्या वर्गणीतून. फाटकाला कुलूप असतं, बेड्याला नाही. मोटारसायकली बंद झाल्या. बाटल्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. वहिनींच्या खिडकीसमोरच्या गडग्यावर आम्ही एक थर चढवला आणि तिथे अबोली लावली. खिडकी उघडी असते.

ठरायचं एकच राहिलं आहे. श्रावणात पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि पाटी घेऊन उतरणाऱ्या बाईचा पाय घसरतो. ब्लीचिंग पावडर कुणी टाकायची, वसाहतीने की वाडीने, यावर दोन बैठका झाल्या. या आठवड्यात पावसाने उघडीप दिली नाही, तेव्हा मीच दोन किलो आणून टाकली. सकाळी मावशी पायरीवर थांबून पायाने घासून पाहत होती, आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली, "खालच्या तीनवर नाय पडली."